‘आंडेर’ म्हणजे अंधार नव्हे : एका आजींच्या काळजीत घरच्यांचा वाटा

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधांचे डोस त्या एका रुग्णाचं वय, वजन आणि आजार पाहून डॉक्टरांनी ठरवलेले होते. ते उचलून दुसऱ्या कुणाला लावू नयेत.

पार्श्वभूमी

आजींचं वय 78. गाव अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं, शेतात कापूस आणि ज्वारी. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली. पुढे विसरणं वाढत गेलं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया असं निदान झालं. या तीन वर्षांत आजींचं उठवणं-बसवणं, अंघोळ, जेवण, शी-शू सगळं थोरल्या सुनेनं केलं. मागच्या पावसाळ्यात सुनेच्याच मणक्याची गादी सरकली, डॉक्टरांनी तिला वजन उचलायला बंदी केली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आजींना जळगावजवळच्या एका केंद्रात ठेवलं.

केंद्र 24 खाटांचं. गावात त्याला वृद्धाश्रमच म्हणतात, आणि ‘नर्सिंग होम’ म्हटलं की आपल्याकडे बाळंतपणाचा छोटा दवाखाना डोळ्यांसमोर येतो. हे या दोन्हींच्या मधलं. दिवसा एक नर्स आणि तीन मावश्या, रात्री दोन मावश्या, आठवड्यातून दोनदा डॉक्टर. महिन्याचे 18,000 रुपये. डायपर आणि औषधं वेगळी.

मुलं तीन. थोरला गावी शेती करतो. धाकटा पिंपरी-चिंचवडला कंपनीत आहे. केंद्राचे पैसे तोच भरतो. मुलगी धुळ्याला दिलेली. दाखल करतानाचा फॉर्म धाकट्यानं भरला, सही त्याची, फोन नंबर त्याचा. आई कशी झोपते, काय खाते, पोट कशानं साफ होतं, हे त्यानं नोकरीला लागल्यापासून, म्हणजे वीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. फॉर्मवर ‘व्यसन’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं गेलं. ‘भाषा’ या रकान्यात ‘मराठी’. पुढच्या तीन महिन्यांच्या गोंधळाचं बरंचसं मूळ या दोन शब्दांत होतं.

अडचण कशी वाढली

आजी लग्नानंतर प्रमाण मराठी बोलायला शिकल्या होत्या. पोस्टमन, तलाठी, डॉक्टर यांच्याशी तसंच बोलत. डिमेन्शियात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणीची उरते. आजींकडे अहिराणी उरली. केंद्रातल्या मावश्यांपैकी दोघी सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा मुली, एक अकोल्याकडची, रात्रीची एक रावेरची. बाहेरचे लोक सगळ्या खान्देशाला अहिराणीभाषक समजतात, पण रावेर-यावलकडची लेवा बोली वेगळी, पावरी तर फारच वेगळी. एकाच केंद्रातल्या या बायका एकमेकींशी मराठीत बोलत होत्या आणि आजी मराठीच्या पलीकडे गेल्या होत्या.

रात्री आठच्या सुमाराला आजी ‘मन्ही आंडेर, मन्ही आंडेर’ म्हणून हाका मारत. अहिराणीत आंडेर म्हणजे मुलगी आणि आंडोर म्हणजे मुलगा. रात्रीच्या मावशीला ते ‘अंधार’ ऐकू आलं. तिनं मायेपोटी डोक्यावरची ट्यूबलाइट लावून ठेवली. उजेडात झोप आणखी उडाली, आजी आणखी ओरडल्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईही जाग्या झाल्या. वहीत नोंद : ‘अंधाराला घाबरते. लाइट लावली तरी ओरडते.’

दुसरी नोंद वरचेवर यायची : ‘चादर डोक्यावर ओढते, अस्वस्थ.’ आजींनी जन्मभर लुगडं नेसलं, परक्या पुरुषासमोर डोक्यावर पदर घेतला. केंद्रात सगळ्यांना गाऊन. डॉक्टर, वॉर्डबॉय, पाण्याचे जार आणणारा, कुणीही आत आला की आजी पदर शोधायच्या आणि हाताला लागेल ते कापड डोक्यावर घ्यायच्या.

तिसरी बाब गंभीर होती. वहीत रोज ‘शौच : हो’ लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात डायपरला थोडं पातळ लागत होतं. आतड्यात कडक गोळा बसला की त्याच्या कडेनं पातळ मळ झिरपतो. वरवर पाहिलं तर जुलाबच वाटतात. दोनदा तर जुलाब थांबवायची गोळी दिली गेली, म्हणजे बद्धकोष्ठावर आणखी बद्धकोष्ठ.

यात मिश्रीचा धागा होता. आजी पन्नास वर्षं सकाळी मिश्री लावत आणि त्यानंतरच त्यांचं पोट साफ होई. सुनेला हे पक्कं माहीत होतं. मुलीलाही होतं, पण ‘आईला तंबाखूची सवय’ असं फॉर्मवर लिहायचं कसं, म्हणून ती गप्प बसली. तंबाखू एकदम सुटली की चिडचिड, झोपमोड आणि पोट जड होणं पहिल्या दोन-चार आठवड्यांत ठळक दिसतं. नेमक्या त्याच आठवड्यांत आजींच्या वहीत ‘सहकार्य करत नाही’ हा शेरा पहिल्यांदा आला आणि पुढे तो नुसता उतरवला गेला.

या सगळ्यावर जानेवारीत रात्री क्वेटियापीन हे मनोविकारांवरचं औषध 25 मिलिग्रॅम सुरू झालं, दोन आठवड्यांत 50 झालं. डिमेन्शियात अशा औषधांनी अर्धांगाचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती कमीत कमी डोसनं, थोडे दिवस आणि दुसरं कारण शोधून झाल्यावरच द्यायची असतात. इथे कारण शोधलंच गेलं नव्हतं. धाकट्याला फोन गेला, ‘आईंना झोपेची गोळी चालू करतोय’, आणि त्यानं ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ असं सांगितलं. ही झोपेची गोळी नव्हे, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

रात्रीचं औषध सकाळी अकरापर्यंत अंगात राहायचं. नाश्ता आठला. पेंगत असलेल्या माणसाला चार घास भरवायचे आणि ताट उचलायचं, असा क्रम पडला. डिसेंबरात वजन 51 किलो होतं. ते दर महिन्याला करायचं ठरलेलं होतं, पण जानेवारी-फेब्रुवारीत काटा बिघडलेला म्हणून झालंच नाही.

फेब्रुवारीतला रविवार

भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. मुलगी धुळ्याहून यायची. एसटीनं पारोळा-एरंडोल करत दोन-अडीच तास. संध्याकाळ ही आजींची सगळ्यात वाईट वेळ. डिमेन्शियात दिवस कलला की बेचैनी वाढते, हे नेहमीचं. मुलीला दर वेळी ओरडणारी, हात झटकणारी आई दिसायची आणि ती रडत परत जायची.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तिनं डब्यात कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि वांग्याचं भरीत आणलं. आईचं आवडतं. आजी पलंगावर टेकून, साधारण 45 अंशांत होत्या. मान मागे गेलेली. भरितात कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. वजन उतरल्यानं कवळी सैल झालेली, तोंडाची उजवी बाजू बधिर. आजींनी आवडीनं आठ-दहा घास घेतले, मुलीला तीन महिन्यांत पहिल्यांदा समाधान वाटलं. मग ठसका लागला. पाणी पाजलं, ठसका वाढला. अर्ध्या तासानं शांत झालं.

तिसऱ्या दिवशी ताप, श्वास जलद. अन्न श्वासनलिकेत जाऊन झालेला न्यूमोनिया. सहा दिवस रुग्णालयात. परत आल्या तेव्हा वजन 45.2 किलो, म्हणजे तीन महिन्यांत 11 टक्क्यांहून जास्त घट. सहा महिन्यांत 10 टक्के गेलं तरी ती धोक्याची खूण मानतात. माकडहाडावर रुपयाएवढी लाली. बोटानं दाबून सोडलं तरी पांढरी पडत नव्हती. म्हणजे दाबव्रणाची पहिली पायरी.

केंद्रानं दुसऱ्या दिवशी फलक लावला : ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई.’ मुलीनं भावांना सांगितलं, आईला उपाशी मारताहेत. थोरल्यानं धाकट्याला सांगितलं, तूच तिथे टाकलीस. धाकट्यानं थोरल्याला सातबाऱ्याची आठवण करून दिली. मुलगी प्रांत कार्यालयात अर्ज देण्यापर्यंत आली.

समोरचे पर्याय

घरी नेणं. थोरल्याचा हाच आग्रह होता आणि तो भावनेतून होता. प्रत्यक्षात उचलणार कोण? सून उचलू शकत नव्हती, जूनमध्ये पेरण्या, गावातली मोलकरीण शी-शू काढायला तयार नाही. चार दिवस घरी आणि पाचव्या दिवशी पुन्हा भरती, असं होण्याची शक्यता मोठी होती.

नाकातून नळी. एका डॉक्टरांनी सुचवली, धाकट्याला पटलीही; मोजून अन्न जाईल, वाद मिटेल. पण पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. लाळ तर श्वासनलिकेत जातेच. शिवाय गोंधळलेला माणूस नळी ओढून काढतो, मग हात बांधले जातात. आजी हातानं भरवलेलं गिळत होत्या, फक्त सावकाश. औषधाची गुंगी उतरवल्यावर किती गिळतात ते पाहिल्याशिवाय नळीचा निर्णय घेऊ नये, असं ठरलं. या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ याच एका निर्णयाला गेला आणि तो वेळ वाया गेला नाही.

स्वतंत्र बाई लावणं. बारा तासांचे महिन्याला 15,000 मागितले गेले. पैशांचा प्रश्न होताच, पण त्या बाईलाही अहिराणी येत नव्हती.

कायद्याची वाट. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, वकील लागत नाही, निर्वाह भत्ता महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत मिळू शकतो. मात्र कायद्याच्या व्याख्येत ‘मुलं’ म्हणजे मुलगीही येते, सून येत नाही. शिवाय इथे भांडण भत्त्याचं नव्हतं. पैसे येतच होते. अर्ज मागे ठेवला. माहितीसाठी ज्येष्ठांची 14567 ही मोफत हेल्पलाइन मुलीला देऊन ठेवली.

घरच्यांना कामं वाटून देणं. भेट म्हणजे पाहुणा म्हणून येणं नाही, ठरलेलं काम करायला येणं. केंद्राला हे नको होतं. नातेवाईक आले की तक्रारी वाढतात, शिस्त मोडते, आणि पुन्हा काही झालं तर जबाबदारी कुणाची, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी हाच पर्याय निवडला, पण शिकवल्याशिवाय कुणी घास भरवायचा नाही, या अटीवर.

प्रत्यक्ष काय केलं

मार्चच्या मध्यात बैठक झाली, सव्वा तासाची. धाकटा व्हिडिओवर. सुनेला बोलावलं नव्हतं. तिला बोलवा, असं नर्सनं सुचवलं. तोवर सून म्हणजे ‘जिनं सासूला बाहेर काढलं’ अशी सगळ्यांची समजूत. तिनं दहा मिनिटांत जे सांगितलं ते फॉर्मच्या चार पानांत नव्हतं : मिश्री, पदर, उजवा हात ओढला की ओरडतात, पोट तीन दिवस साफ झालं नाही की संध्याकाळी शिव्या देतात, आणि ‘आंडेर’.

त्यातून एक पान तयार करून खाटेच्या डोक्याशी लावलं. वर अहिराणीचे वीस शब्द, बाजूला मराठी अर्थ : माले म्हणजे मला, दुखस म्हणजे दुखतंय, आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे, ‘माले घर जावानं शे’ म्हणजे मला घरी जायचंय. या शेवटच्या वाक्याला ‘हेच तुमचं घर’ असं उत्तर द्यायचं नाही, घरात कोण कोण आहे ते विचारायचं. खाली सवयी. गाऊनवर जुन्या लुगड्याचा अडीच हात तुकडा, पदरासारखा. तो धुवायला गेला तर दुसरा. ‘चादर ओढते’ ही नोंद त्या आठवड्यापासून थांबली. खर्च शून्य.

पोट. डॉक्टरांनी गुदद्वारातून तपासलं, कडक गोळा हाताला लागला. एनिमानं मोकळं केल्यावर रोज रात्री शौच मऊ करणारं लॅक्टुलोज 15 मिली. थोरल्यानं इसबगोल सुचवलं होतं. गिळायला त्रास असलेल्या आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसाला इसबगोल देऊ नये; ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकतं. वहीत ‘हो/नाही’ ऐवजी किती आणि कसं हे लिहायचं : खडे, घट्ट, मऊ, पातळ. तीन दिवस मऊ शौच नाही म्हणजे नर्सला सांगायचं.

खांदा. अर्धांगात लुळ्या खांद्याचा सांधा सैल पडतो. मावश्या आजींना उठवताना काखेत हात घालून ओढत. सुनेनंच दाखवलं, कमरेला पट्टा बांधून, गुडघ्याला गुडघा लावून कसं उठवायचं. गाऊन घालताना आधी उजवी बाही, काढताना उजवी शेवटी. अंघोळीच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल 500. दुखणं सांगता येत नाही अशा माणसात श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाचा ताठा आणि समजावल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींवरून ते मोजतात. अंघोळीच्या वेळी आजींचे 10 पैकी 7 येत होते. पंधरवड्यात 3 वर आले.

मग औषध. क्वेटियापीन 50 वरून 25, नंतर 12.5, तीन आठवड्यांत बंद. क्रम मुद्दाम असा ठेवला. आधी पोट आणि खांदा, नंतर गोळी. उलट केलं असतं तर आरडाओरडा वाढला असता आणि ‘बघा, गोळी लागतेच’ असं सिद्ध झाल्यासारखं झालं असतं.

जेवणावर सगळ्यात जास्त मेहनत झाली. गिळणं तपासणाऱ्या थेरपिस्टनं एकदा येऊन पाहिलं आणि मुलगी, सून, दोन मावश्या यांना समोर बसवून शिकवलं. पलंगावर भरवायचं नाही. खुर्चीत, पाठ सरळ 90 अंशांत, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्यानं उभं राहायचं नाही. उभ्या माणसाकडे बघताना रुग्णाची मान वर जाते आणि श्वासनलिका उघडी पडते. छोटा चमचा, घास डाव्या गालात. गिळल्यावर कंठ वर जाऊन खाली येतो. ते पाहिल्याशिवाय पुढचा घास नाही. दर पाच-सहा घासांनी उजवा गाल तपासायचा, तिथे अन्न साठतं. एका जेवणाला 35 ते 40 मिनिटं. नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं, तोंड पुसायचं. कवळी दंतवैद्याकडे नेऊन आतून अस्तर लावून घेतली.

पदार्थांच्या बाबतीत लोकांची एक समजूत हमखास चुकते : पातळ ते सोपं. साधं पाणी आणि रस्सा घशातून सगळ्यात वेगानं घसरतात, श्वासनलिकेवरची झडप मिटायच्या आधीच खाली पोचतात. त्याहून वाईट म्हणजे एका घासात दोन प्रकार, पातळ आणि गोळा. शेवभाजीचा रस्सा आणि त्यात शेव, दुधात कुस्करलेली भाकरी वर दूध सुटलेलं, ताकभात. हे तिन्ही बंद. मऊसूत हवं, पण एकजीव. चमच्यात घेतलं तर आकार धरून राहावं आणि चमचा तिरका केला की एकाच लपक्यात खाली पडावं. चिकटून राहिलं तर फार घट्ट, वाहत गेलं तर फार पातळ. दाणा राहिलाच तर जेवणाच्या काट्याच्या दोन दातांमधून जाईल एवढा, म्हणजे साधारण 4 मिलिमीटर.

या मोजपट्टीवर खान्देशी स्वयंपाक बराच बसतो. कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा काढून आतला भाग घट्ट मुगाच्या वरणात वीस मिनिटं भिजवून घोटायचा. भरीत शेंगदाणे, खोबरं, पात न घालता, बिया गाळून, तेल जरा जास्त. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी घोटून. बट्टी मात्र नाही. तुपात कितीही भिजवली तरी तिचा चुरा तोंडात सुटा होतो. घरून आणलेला डबा आधी नर्सला दाखवायचा, तिनं चमचा तिरका करून पाहायचा. मनाईचा फलक काढून त्या जागी ही पद्धत लिहिली.

पाणी घट्ट करायची पावडर मिळते, ती पाकिटावरच्या प्रमाणानं. दर दोन तासांनी 150 मिली, दिवसात आठ वेळा, म्हणजे 1.2 लिटर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44 च्या वर जातो तेव्हा हे मोजूनच द्यावं लागलं, कारण आजी स्वतःहून पाणी मागत नव्हत्या. दुपारच्या दोन फेऱ्यांत ज्वारीचं आंबील, दाटसर.

दाबव्रणासाठी हवेची गादी, दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा अधांतरी. माकडहाड रोज पाहायचं. घरचं माणूस आलं की त्यानंही पाहायचं आणि वहीत सही करायची.

भेटीची वेळ बदलली. मुलगी बुधवार आणि शनिवार, सकाळी साडेदहा ते एक, दुपारचं जेवण तिच्या हातचं. एसटीत 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून आठवड्यातून दोनदा जमलं. सून मंगळवारी, उचलणं नाही, फक्त भरवणं आणि गप्पा. थोरला पंधरा दिवसांतून एकदा आणि डायपर-औषधांचा खर्च त्याच्याकडे. धाकटा रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करायचा. आजी मोबाइलच्या मागे हात घालून त्याला शोधायच्या आणि सापडला नाही की रडायच्या. तो कॉल बंद करून त्यानं महिन्यातून एक शनिवार-रविवार प्रत्यक्ष यायचं ठरलं. शिवाय औषधातल्या कुठल्याही बदलाआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायची जबाबदारी त्याची : कशासाठी, किती दिवस, थांबवायचं कधी. केंद्राला निर्णयासाठी एकच नंबर हवा होता, तो त्याचाच ठेवला, पण त्यानं आधी सुनेला विचारून मग सांगायचं.

निकाल

वजन मेच्या मध्यात 45.8, जूनअखेर 47.1, ऑगस्टमध्ये 47.6. डिसेंबरचा आकडा परत आला नाही. या आजारात तो येईलच असं धरूही नये. लाली बारा दिवसांत गेली. क्वेटियापीन पुन्हा लागलं नाही. रात्रीच्या हाका थांबल्या नाहीत, कमी झाल्या. आता मावशी ‘आंडेर बुधवारले यी’ असं तोडकंमोडकं सांगते आणि हात धरते. जूनमध्ये लघवीच्या जंतुसंसर्गानं दोन दिवस आजी पूर्ण गोंधळल्या. पण अचानक बदल दिसला म्हणजे आधी लघवी, पोट आणि ताप पाहायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर आलेलं असल्यानं त्याच दिवशी तपासणी झाली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांना गावी न्यावं, असा मुलीचा फार आग्रह होता. वर्षाची माहेरवाशिणींची भेट, पण 43 अंशांत दीड तासाचा प्रवास आणि जागा बदलल्यावरचा गोंधळ. नेलं नाही, दोन भाच्या आणि मुलगी सकाळी येऊन आखाजीची गाणी म्हणून गेल्या. आजी शब्द विसरल्या होत्या, चाल धरत होत्या. श्रावणात कानबाई या खान्देशी देवीच्या सणाला मात्र घरून रोटाचा घास आणि गंगाफळाची भाजी आली, घोटून, चमचा तिरका करून.

मावश्यांच्या बाजूनंही सांगायला हवं. घरची माणसं जेवण भरवतात त्या दिवशी एका मावशीची 40 मिनिटं मोकळी होतात. तो वेळ शेजारच्या खाटेला मिळेल असं ठरलं होतं, प्रत्यक्षात तो धुणं आणि फरशीत गेला. शेजारच्या बाईंना कुणी नातेवाईकच येत नाहीत. त्यांचं वजन या काळात दोन किलोनं उतरलं.

काय वेगळं करता आलं असतं

दाखल करताना फॉर्म भरणाराला एक प्रश्न विचारायला हवा होता : शेवटचे सहा महिने यांची अंघोळ कोण घालत होतं? जे नाव येईल त्या माणसाशी अर्धा तास बोलल्याशिवाय फॉर्म पूर्ण धरू नये. मिश्री-तंबाखूचं विचारताना ‘व्यसन’ हा शब्द वापरला तर आपल्याकडे बाईमाणसाबद्दल ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘सकाळी दात कशानं घासतात’ असं विचारलं तर खरं कळतं.

जानेवारीत गोळी सुरू करण्यापूर्वी पोट, दुखणं, लघवी आणि झोपेची वेळ तपासायला अर्धा दिवस पुरला असता. काटा बिघडला तर दंडाचा घेर टेपनं मोजता येतो, किंवा मावशीनं आजींच्या मनगटातल्या बांगड्या किती सैल झाल्या एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मुलीनं ते जानेवारीत फोनवर सांगितलंही होतं. ऐकणाऱ्यानं ते काळजीचं बोलणं समजून सोडून दिलं.

मनाईचा फलक ही सगळ्यात महागात पडू शकणारी चूक होती. त्यानं धोका एका डब्यापुरता कमी झाला असता आणि डबा पदराआड यायला लागला असता. तसे दोन डबे त्या पंधरवड्यात आल्याचं नंतर कळलं.

एका बाबतीत अजून मतभेद आहे. आजी आणखी खचल्या, गिळणं आणखी कमी झालं तर पुढे काय, हे तिघांनी आताच बोलून लिहून ठेवावं, असं डॉक्टरांनी मे महिन्यात सुचवलं. धाकटा तयार आहे, मुलगी त्या विषयावर उठून जाते. ते पान कोरं आहे.

आणि ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी. सुनेच्या कमरेला वेचणी झेपत नाही, पण मजुरांचं चहा-भाकर आणि तोलाची वही तिच्याकडेच असते. डिसेंबरअखेरपर्यंत मंगळवारी कोण येणार, या रकान्यात ऑगस्टच्या बैठकीत कुणाचंच नाव लिहिलं गेलं नाही.